विनाशिका 'गोदावरी' आणि तिचा चहा

२ फेब्रु., सोम
ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव येऊन गेले. २२ तारखेला सासऱ्यांचं, नानांचं, व्याख्यान. नाना चौऱ्याऐंशीचे. सासूबाई गेल्यापासून दीड वर्ष फाटकाबाहेर पडलेले नाहीत, न्हावीसुद्धा घरी येतो. वाटलं, नाहीच म्हणणार. तर म्हणाले, "किती मिनिटं?"
विषय: तरुणपणी ज्या युद्धनौकेच्या बॉयलर रूममध्ये होते ती, 'गोदावरी'. टायपिंग माझ्याकडे. सुनील (नवरा) म्हणतो, "तू रिटायरच आहेस ना." गणिताच्या बाई रिटायर झाल्या की घराच्या टायपिस्ट होतात.

५ फेब्रु., गुरु
नाना सांगतात, मी बडवते. बोट मूळची इंग्रजांची, 'हंट' वर्गातली. तिकडच्या कोल्ह्याच्या शिकारीच्या मंडळांची नावं या बोटींना. व्यापारी जहाजांच्या ताफ्यांना सोबत करायला, लहान, पटकन बांधून होणारी विनाशिका. टॉर्पेडो नाहीत.
"टॉर्पेडो नाहीत, मग विनाशिका कसली?"
"तोफा सहा होत्या. तुला किती हव्यात?"
महायुद्धात पोलंडच्या नाविकांकडे होती. पुढे आपल्याकडे, 'गंगा' आणि 'गोमती' या बहिणींबरोबर. तीन देश, तीन नावं.
नाना: "सासरी आली की नाव बदलायचंच."
माझं बदललेलं नाव तेहतीस वर्षं ते ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहितायत.

९ फेब्रु., सोम
नेटवर एक सापडलं आणि फार बरं वाटलं. या बोटींच्या मूळ आराखड्यात वजनाचा हिशेबच चुकला होता! पहिली बोट बांधून झाल्यावर कळलं, वरचा भार जास्त, उलटायची भीती. मग सुरुवातीच्या बोटींवरची एकेक जोडतोफ उतरवली, तळाशी वजन घातलं. पुढच्या बोटी रुंद केल्या, तेव्हा कुठे तिसरी जोडतोफ परत आली. नानांची 'गोदावरी' या रुंद बोटींपैकी.
उत्साहाने वाचून दाखवलं.
"आमच्या बोटीत चूक नव्हती."
"तुमच्या नाही हो, आधीच्या..."
"गाळ ते."
"नाना, खरी गोष्ट तर हीच आहे!"
"शाळेत शोधल्यास तेवढ्या चुका पुरे."
रात्रीच्या जेवणात नानांनी मीठ सुनीलमार्फत मागितलं.

११ फेब्रु., बुध
अबोला. हिशेब बरोबर होता हे सिद्ध करायला नाना मॉडेल बनवतायत. थर्माकोल, काड्यापेटीच्या काड्या, आणि तोफांच्या जागी सुनीलच्या डब्यातले बोल्ट. मोठे. मी बघितले. गप्प बसले. अबोला आहे ना.

१३ फेब्रु., शुक्र
बाथरूममधून हाक. टबात बोट पोट वर करून.
"तू दार जोरात उघडलंस."
दार हाक आल्यानंतर उघडलं होतं. पण ८४. आणि ओले झालेले. म्हटलं, द्या इकडे. दोन्ही बाजूंना थर्माकोलची एकेक पट्टी चिकटवली. सुकल्यावर परत पाण्यात. सगळ्या बोल्टांसकट तरंगली! नाना तिला बोटाने कलती करायचे, ती डुलून सरळ व्हायची. दहा-बारा वेळा तरी.
मग, माझ्याकडे न बघता: "लिही ती चूक. पण दुरुस्त केली हेही त्याच वाक्यात लिही."

२२ फेब्रु., रवि
आज व्याख्यान. लिहायलाच हवं.
सचिवांनी फलकावर लिहिलेलं: 'गोदावरी: उगम ते आजवर'. हॉल खच्चून. प्रमुख पाहुणे त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी. पहिल्या रांगेतल्या बायका नदीतल्या पाणवेलींवरचे प्रश्न कागदावर लिहून आलेल्या.
नाना उठले. "गोदावरीचा जन्म इंग्लंडात झाला."
गुरुजींनी हातातला ग्लास खाली ठेवला.
"तिच्या पोटात दोन बॉयलर होते."
दोघे-तिघे उठून गेले. बाकीचे, का कोण जाणे, बसले. हिशेबाच्या चुकीवर चक्क हशा मिळाला. मॉडेल हातोहात फिरलं. शेवटी गुरुजींनी विचारलं, "सोडताना जलपूजन झालं होतं का?"
"इंग्रजांनी बाटली फोडली असणार. विचारलं नाही कधी."
इथे संपायला हवं होतं. पण नानांनी कागद बाजूला ठेवले. म्हणाले, एकदा वादळात बोट इतकी कलत होती की भिंतीवरून चालावं. वाढपी आडवे झालेले. वर ब्रिजवर, बोट हाकतात तिथे, कॅप्टनच्या पोटात सकाळपासून काही नाही. "मी खालून चहाची किटली घेऊन तीन शिड्या चढलो. एक थेंब सांडला नाही."
टाळ्या. माणसं उभी राहिली.
ही गोष्ट घरात कुणीच कधी ऐकलेली नाही. सुनीलने माझ्याकडे बघितलं. मी गुरुजींकडे.

२४ फेब्रु., मंगळ
नाना स्वतः चालत न्हाव्याकडे गेले! येताना ओळख नसलेल्या दोघांनी नमस्कार केला म्हणे. व्याख्यानाचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरतोय.
दुपारी विंचूरहून फोन. दगडू निकम. त्याच बोटीवर, त्याच बॉयलर रूममध्ये. नातसुनेने व्हिडिओ दाखवला.
"ताई, नाना लय भारी बोलले. पर त्यो चहा मी नेला व्हता. नाना खाली बादलीत तोंड घालून पडले व्हते. त्यांना म्हनावं, निकम अजून हाय."
नानांना सांगितलं.
"निकम? तो गेला ना?"
"नाही."
"खात्री केलीस?"

२८ फेब्रु., शनि
निकम आबा आले. द्राक्षांची पेटी, पांढरी टोपी, गुडघ्याला पट्टा. दोघं दारात एकमेकांकडे बघत उभे.
"तू एवढा बुटका नव्हतास."
"तुमी बी नव्हते."
आधी कोण कोण गेलं त्याची उजळणी. बरीच लांबली. मी चहा आणला आणि विषय निघालाच.
आबा हळू आवाजात म्हणाले, "मला सत्कार नको, नाना. पर साठेक वर्सं घरात मी हीच येक गोष्ट सांगतोय. दुसरी नाय माझ्याकडं. आता नातू म्हनत्यात, आबा, नाशकाचे बाबा तर म्हनले त्यांनी नेला."
नाना उठून हात धुवायला गेले. खूप वेळ धूत होते.
निघताना मात्र आबांचा दंड धरून पायऱ्या उतरवून दिल्या. कोण कुणाला धरतंय ते सांगता येत नव्हतं.
रात्री सुनील म्हणाला, "विचारू का बाबांना सरळ?" नको म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासले, पण हा माझ्याने तपासवणार नाही.

२ मार्च, सोम
विंचूरच्या वाचनालयाचं बोलावणं आलं. हेच व्याख्यान तिथे, पुढच्या महिन्यात. निकम आबा पहिल्या रांगेत असणार, सगळ्या नातवंडांसह.
नाना सकाळपासून अस्वस्थ. पेपर उलटा धरलेला. अकराला म्हणाले, "निकमला फोन लाव. कॅप्टनच्या चहात साखर होती का, विचार. ज्याने नेला त्याला माहीत असणार."
लावला. आबा हसले. "साखर? सायबाला गोड चालतच नव्हतं. कोराच लागायचा त्यांना."
नानांना तसंच सांगितलं. नानांनी पेपर सुलट केला. मग म्हणाले, "बरोबर आहे."
मी लॅपटॉप उघडला. व्याख्यानानंतर नानांनी घालायला लावलेला चहाचा परिच्छेद उघडला. 'मी'च्या जागी 'निकम' टाइप करायला लागले, 'नि' झाला, तेवढ्यात मागून:
"थांब. साखर नव्हती, ते मलाही माहीत होतं."