तिसऱ्या हाकेची वाट

मिलर्स रन, पेनसिल्व्हेनिया
३ नोव्हेंबर १९९२

प्रिय क्लेटन,

या आठवड्यात घरात आलं ते असं. न्हाणीघराच्या भिंतीला लावायची पोलादी दांडी, एकोणीस डॉलर. पाय घसरू नये म्हणून रबरी चटई, सहा डॉलर. कोरी कॅसेट, सव्वा डॉलर. पहिल्या दोन वस्तू फुकट गेल्या. तिसरी या पाकिटात आहे. ती कशाला, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मधलं तू वाचायलाच हवंस.

बावीस वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. दर नाताळात तुझं कार्ड यायचं आणि मी ते न उघडता परत टपालात टाकायची. एमिलला हे ठाऊक नाही. त्याला मी सांगितलं, क्लेटननेच संबंध तोडले. तो म्हणायचा, "टेक्सासवाले असलेच गं व्हेरा, पण हा तसला नव्हता." मी भांडी घासत राहायची.

एमिलचं डोकं गेली सहा वर्षं थोडं थोडं विझतंय. वय अवघं चौपन्न. मुलांची नावं गेली, माझं अधूनमधून येतं. तेवढं मी सोसलं. पण ऑगस्टपासून हे नवीन सुरू झालंय. न्हाणीघराचं दार, जेवणाचं टेबल, कशापासूनही चार पावलांवर आला की तो वाकतो, एक हात जमिनीला टेकवतो, मान वर करतो आणि थांबतो. आपल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये डाव सुरू होण्याआधी रांगेत तुझ्यापुढे थांबायचा ना, अगदी तसा. तासभर, दोन तास. परवा सहा तास. गुडघ्यांचे भोपळे झालेत, जेवण निवून जातं, कपड्यांतच सगळं होतं. दोनशे साठ पौंडांच्या माणसाला मी एकटी कशी हलवू?

आधी मला तो हट्ट वाटला. मग ध्यानात आलं, हा वाट बघतोय. तू मागून खुणेचे आकडे ओरडायचास, मग "हट", "हट", आणि तिसऱ्या "हट"ला सगळी रांग सुटायची. मग मीच त्याच्यामागे उभी राहून आकडे ओरडले, शेजारीण खिडकीत येईपर्यंत. आमच्या थोरल्या पॉलने ओरडून बघितलं. फादर ओंद्रेंनीसुद्धा झगा सावरत ओरडून बघितलं. एमिल जागचा हलला नाही. उलट कुजबुजला, "हलू नका रे. हा आवाज त्यांचा आहे. फसवतायत." रांग आधीच सुटावी म्हणून समोरचे तुझी नक्कल करून ओरडायचे, आठवतं? बारा वर्षांत एमिल त्याला एकदाच फसला होता, आणि तू वर्षभर त्याला छळलंस, "काय रे हुदाक, एवढी कसली घाई? घरी मदर सुपीरियर वाट बघतेय वाटतं!" एकतीस वर्षं संसार केला, क्लेटन, आणि माझा आवाज आता त्यांच्यातला झाला.

काउंटीची नर्स येऊन गेली. बाई वाईट नाही. म्हणाली, "मिसेस हुदाक, यांना उचलायला चार माणसं लागतील, आणि तुम्ही कितीशा!" सोमवारी, सोळा तारखेला, ती परत येणार. तोवर एमिल आपल्या पायांनी न्हाणीत आणि टेबलापाशी जायला लागला नाही, तर त्याला सरकारी रुग्णालयात नेतील. मी ते बघून आले. तिथे धिप्पाड रोग्यांना पलंगाला बांधतात. आपला एमिल बांधलेला, आणि मान वर करून तुझ्या हाकेची वाट बघतोय. जपमाळ हातात घेतली की मला तेच दिसतं.

आता मधलं. सत्तर सालच्या डिसेंबरात, सामन्यात डोक्याला मार बसून एमिल समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. लोक हसले. तू हसला नाहीस. तू प्रशिक्षकाला जाऊन सांगितलंस, "हा मला एकच गोष्ट तीनदा विचारतो, याला बाहेर बसवा." घरात तीन पोरं होती, घर नवं होतं, आणि तो बाहेर बसला असता तर पगार थांबला असता. मी तुझ्या बायकोच्या तोंडावर तुला चहाडखोर म्हटलं. इतकं तुला माहीत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही. मार बसलेल्या खेळाडूला डॉक्टर काय विचारतात, ते मी एमिलकडून काढून घेतलं. गाव कोणतं, मागचा सामना कुणाशी, महिने उलटे म्हणून दाखव. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढलं, आणि दर आठवड्याला न्याहारीच्या टेबलावर त्याच्याकडून घोकून घेतलं, पोरांकडून धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं घेतात तसं. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. न चुकता जमलं की तो म्हणायचा, "पास झालो ना बाई? मग आता आणखी एक पॅनकेक वाढ." डॉक्टर फसले. एमिल आणखी दोन हंगाम खेळला. त्या दोन हंगामांत त्याचं डोकं किती वेळा आपटलं, तो आकडा माझ्या कुठल्याच वहीत नाही.

फादरजवळ कबुली दिली. ते म्हणाले, "देवाजवळ झाली, व्हेरोनिका. ज्याच्याजवळ करायची त्याच्याजवळ राहिली." म्हणून हे लिहिलं. तू खरं बोललास आणि मी तुला दारातून घालवलं.

आता कॅसेटचं. एका बाजूला ते जुने आकडे म्हण, तसेच घसा फाडून. तिसऱ्या "हट"आधी तू अर्धा श्वास थांबायचास, तसाच थांब. तो तेवढ्यावरून ओळखेल. मग तो न्हाणीत जाईल, जेवायला बसेल, माझ्याजवळ राहील. दुसऱ्या बाजूला इतकंच बोल, "खेळ संपला, एमिल. घरी जा." मी रोज सांगते, पण माझं तो मानत नाही. हे लिहितेय तेव्हाही तो न्हाणीघराच्या दाराशी हात टेकून आहे, सकाळी आठपासून. तिकिटं लावलेलं पाकीट आत ठेवलंय. माझ्यासाठी आवाज निघत नसेल तर कॅसेट कोरीच धाड, मी समजेन. पण सोळा तारखेच्या आत, उलट टपाली धाड.

तू ठेवलेल्या नावाने तुझीच,
मदर सुपीरियर