बाबा मागून का चालायचे?

७ मार्च

ती. आईस नमस्कार,

दिवसभर पहारा केला. समुद्र शांत आहे, खोकला गेला.

लढाईच्या दिवसांत आम्ही मालवाहू जहाजं सांभाळून नेतो. सगळ्यात हळू जहाजाला आम्ही ‘आजी’ म्हणतो. तिच्याच वेगाने सगळे जातात आणि आमचं जहाज तिच्या मागे राहतं. काल धुक्यात ती दिसेना, तेव्हा जीव टांगणीला लागला. दिसली तशी आमचा स्वयंपाकी ओरडला, “आजीबाई, सांगून तरी जा!”

बाबा गेल्याची तार आली, तेव्हापासून एकच विचारायचंय. बाजारातून येताना ते नेहमी तुझ्या मागून चालायचे. मला वाटायचं, दमतात. तुझ्या गुडघ्यांमुळे तर नव्हे? तुला कधी बोलले का?

आता तुझ्या मागून कोण चालतं? दादाला सांग.

चहा गार झालाय. पितो आणि कप विसळून ठेवतो.

तुझा धाकटा