हक्कसोडीचा कागद

शुक्रवार संध्याकाळ, कोलार रोड

आज धाकट्या दिरांनी कागद पुढे ठेवला आणि पेनचं टोपणसुद्धा स्वतःच काढून दिलं. "वहिनी, सही करा. बस, फॉर्मॅलिटी आहे."

वाचला. मामंजींच्या या घरातला माझा हक्क मी राजीखुशीने सोडते, असं लिहिलं होतं. आधी हे गेले, मग मामंजी. मृत्युपत्र नाही. खाली माझं शिवणाचं दुकान, वर मी आणि मुलगी; सासूबाई आणि दिरांचा रोजचा स्वयंपाकही मीच करते. आम्ही जायचं कुठे?

म्हटलं, "एका वकीलबाईंना आधीच विचारून आलेय. मुलगा वडिलांच्या आधी वारला, तरी त्याचा वाटा बायको-मुलांना मिळतो. सही करणार नाही."

"मतलब, आता घरच्यांवर केस करणार?" ते ओरडले. पेन तसंच पुढे धरलेलं. टोपण काढून! मी सही करणारच, अशी इतकी खात्री होती?

मी कागद परत सरकवला. वाटलं, निदान सासूबाई बोलतील. मामंजींचं आजारपण मी एकटीने काढलं, ते त्यांनी पाहिलंय. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे उद्यापासून आमचा स्वयंपाक कोण करणार?"