गढीवरच्या कोंबड्याबाबत खुलासा

नांदुरा,
बुधवार

आदरणीय देवानंदराव यांना,

पुंजाजी हिवराळेचा सविनय जय भीम. (व्याही असं लिहायला पेन उचललं होतं, पण तो अधिकार वीस तारखेच्या साक्षगंधानंतरचा. तोवर नुसतं आदरणीय.) आम्ही इकडे बरे आहोत. महामायाताईंची कंबर आता कशी आहे? मागे सांगितलेलं तेल लावत असतील तर लावू द्या, नसतील तर आग्रह नाही, कारण तेच तेल मी गुडघ्याला लावतो आणि गुडघा होता तसाच आहे. जानेफळकडे सोयाबीन बरं आहे असं आपला रवी आमच्या मंजुश्रीजवळ बोलला म्हणे. ते दोघं सोयाबीनवर रोज दीड तास बोलतात.

फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर आपण मधेच प्रश्न विचारता आणि माझं गणित चुकतं. मोबाइलवर एक व्हिडिओ फिरून राह्यला आहे. त्यात गढीच्या बुरजाखाली एक टक्कल पडलेला माणूस बसला आहे, समोर हळद-कुंकवानं माखलेली लिंबं, एक नारळ आणि काळा कोंबडा. तो माणूस मी आहे. आपण ज्या पोरीला सून करून घ्यायला निघाला आहात, तिचा बाप. आपण गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं करता. पहिल्या भेटीत चहा घ्यायच्या आधी आपण माझ्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधलेली नाही ना, हे वाकून पाहून घेतलं होतं, ते माझ्या ध्यानात आहे. एवढ्यावरून पोरीची सोयरीक मोडली तर मले जन्मभर झोप लागणार नाही. म्हणून एकेका वस्तूचा खुलासा करतो.

सेवानिवृत्त झाल्यापासून मला पूर्णाकाठच्या गढ्या पाहायचा नाद लागला आहे. तुमचा मुलूख डोंगराकडचा, म्हणून तुम्हाला हे सांगायला पाहिजे: इकडे नजर जाईल तिथपर्यंत जमीन सपाट, चढ असा कुठे नाहीच. त्या सपाटीत दूरवर पांढऱ्या मातीचा उंचवटा दिसला की समजावं, गाव आलं आणि गावात गढी आहे. कोणाची तीनशे वर्षांची, कोणाची चारशेची. गावातला प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो. गेल्या रविवारी तीन गढ्या एका दिवसात उरकायच्या ठरवल्या. मंजुश्रीची आई, म्हणजे चांगुणा, मागे बसली. तिला गढीत काडीचा रस नाही, पण मी एकटा गेलो की रस्ता चुकतो असं तिचं बत्तीस वर्षांपासूनचं मत आहे. (त्या दिवशी दोनदाच चुकलो.)

आता लिंबं. हा सगळा खारपाणपट्टा. पाणी तोंडात घेतलं की मिठाची पुडी सोडल्यासारखं. म्हणून चांगुणानं पाण्यात पिळायला घरून पाच लिंबं घेतली. यात काही मंत्रतंत्र नाही.

पहिली गढी टाकळीची. गढीच्या मालकीणबाई शालूबाई माणूस फार मायाळू. मी गढी पाहू लागलो, त्यांनी चांगुणाला घरात नेलं आणि निघताना नारळ, खण आणि हळद-कुंकवाची पुडी देऊन तिची ओटी भरली. मी डोळ्यांनी नको नको खुणावलं. चांगुणा नंतर म्हणाली, बाई एवढ्या मनानं देऊन राह्यली, तिले काय तुमचं भाषण ऐकवू? नारळ पिशवीत गेला.

दुसरी गढी पिंपरीची. तिथं माझा जुना विद्यार्थी ज्ञानेश्वर भेटला. चौथीत त्याला मी पाढ्यांसाठी पुष्कळ मारलं, तरी तो पाया पडला. मंजुश्रीच्या साक्षगंधाला पाहुणे येणार हे कळल्यावर त्यानं पाय बांधून एक कोंबडा माझ्या स्कूटरला अडकवला, गुरुजी पावन्यायले घाला म्हणून. म्हणजे देवानंदराव, व्हिडिओतला तो कोंबडा आपल्याच ताटासाठी होता. त्याचा रंग काळा होता यात माझा काय दोष?

तिसऱ्या गावाचं नाव लिहीत नाही. भर दुपारी पोचलो. ऊन असं की स्कूटरची सीट हाताला चटका देई. पडक्या बुरजाच्या सावलीत बसलो, कोंबड्याला हवा लागावी म्हणून खाली ठेवला, लिंबासाठी पिशवीत हात घातला तर नारळाच्या दाबानं पुडी फुटलेली आणि पाचही लिंबं लालपिवळी. नारळ बाहेर काढून ठेवला, लिंबं पुसायला रांगेत मांडली. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन एक बाई वळणावर आली, तिनं आमच्याकडे पाहिलं, भारा तिथंच टाकला आणि गावाकडे पळाली. आणि त्या दिवशी अमावस्या होती. आम्ही पौर्णिमा पाळणारे लोक, अमावस्येची आठवण ठेवतो कशाला?

दहा मिनिटांत अर्धं गाव. गुप्तधन काढायला आले म्हणून चारी बाजूंनी घेरा. पोलीस पाटील नारायणराव सभ्य माणूस. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की गुरुजी दिसता, मंग हे धंदे काऊन? मी उठून उभा राहिलो आणि अंधश्रद्धेवर बोलू लागलो. आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं, तोंडपाठ होतं. बोलताना हातात लिंबू होतं हे मला व्हिडिओ पाहिल्यावर कळलं. (व्हिडिओत माझा आवाज नाही, कोणीतरी वर ढोलकी टाकली आहे.) लोक आणखी मागे सरले. शेवटी चांगुणा कमरेला पदर खोचून पुढे झाली. ती म्हणाली, ह्या माणसाले घरात सोताचा चष्मा सापडत नाही, त्याले गुप्तधन कुठून सापडन? सगळ्यात आधी नारायणराव हसले, मग गाव हसलं, मग चहा आला. पंचनाम्यात मात्र कोंबडा लिहून झाला होता: नग एक, काळा, जिवंत. सोमवारी परत न्यायला गेलो तर पंचनामा होता, कोंबडा नव्हता. आपल्याला वीस तारखेला वांग्याची भाजी मिळेल, पण वांगी आमच्याच शेतातली आहेत.

एवढं सगळं खरं लिहिलं आहे. आपण न्यायी माणूस आहात. महामायाताईंना चांगुणाचा जय भीम, रवीला आशीर्वाद.

आपला,
पुंजाजी हिवराळे

ता. क. पत्र मंजुश्रीनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. ती म्हणते, बाबा, ते बटनाचा फोन वापरतात, त्यायनं व्हिडिओ पाह्यलाच नाही. रवीनं पाहिला, तो पोट धरून हसला आणि घरी कोणाला बोलला नाही. म्हणजे ही बातमी आपल्याला माझ्याच पत्रातून कळते आहे. फाडून टाका म्हणाली. मी फाडत नाही. लग्नानंतर हे कुठून तुमच्या कानी गेलं तर बोलणी माझ्या पोरीला बसतील, मला नाही.

ता. क. दुसरं, हे चांगुणा झोपल्यावर लिहितो. वर एक वस्तू गाळली. पिशवीत एक खुरपं होतं. ते कोणी दिलं नव्हतं, मी घरून नेलं होतं. माझे बाबा त्याच गावचे. त्यांच्या लहानपणी तो बुरूज ढासळला, तेव्हा डागडुजीच्या विटा आमच्या माणसांनी चिखल तुडवून साच्यात पाडल्या. पण दरवाज्यापर्यंतच आणून ठेवायच्या, आत पाय टाकायचा नाही. बाबांनी एका ओल्या विटेवर पंजा उमटवून दिला होता. मरेपर्यंत सांगत, मी आत नाही गेलो, माझा पंजा गेला. तीन गढ्या हे निमित्त. मला ती वीट पाहायची होती. बुरूज आता मातीत गाडला गेला आहे आणि कोणता थर जुना, कोणता डागडुजीचा, हे मला मास्तराला कळत नाही. आपण वीस वर्षं गवंडीकाम केलं आहे, आपल्याला हात लावताच कळेल. वीस तारखेला अकराऐवजी आठला पोचा, बाया घरी बोलत बसतील, आपण दोघं जाऊन येऊ. मात्र येताना आपलं खुरपं घेऊन या. माझं अजून नारायणरावांकडे जमा आहे.