शेरीफ कॉलवेलबाईंची चार वर्षे

लिहून ठेवणार: एल्डन प्रुइट, वय ७६, निवृत्त डेप्युटी, राहणार टर्नर्स गॅप, बेल्विन काउंटी, केंटकी. फुप्फुसांविषयी डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगितले आहे. डोके मात्र जागेवर आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून हेच पहिले व शेवटचे समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी मुलगी मर्ना हिला. हे घर माझ्या पगारावर उभे राहिले आणि तो पगार एका बाईंमुळे टिकला, हे तिने विसरू नये.

आमच्याकडे शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, दर चार वर्षांनी मतांवर निवडतात आणि त्याच्या हाताखालच्या पोलिसाची, डेप्युटीची, नोकरी शेरीफच्या मर्जीवर. शेरीफ पडला की त्याची माणसे घरी, नव्याचे मेव्हणे-भाचे कामावर. १९९८ साली मी जुन्या शेरीफचा माणूस. अंगणात त्याच्या प्रचाराची पाटी लावली होती. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्हेस्टा कॉलवेल आमच्याच कचेरीत बिनतारी रेडिओवर बसून आम्हाला कुठे जायचे ते कळवत. चर्चच्या जेवणावळीत मी चारचौघांत म्हणालो, रेडिओवर बोलता आलं म्हणून काउंटी चालवता येत नाही. त्या निवडून आल्या.

माझी बायको ओपल तेव्हा कर्करोगाचे उपचार घेत होती आणि तिचा आरोग्यविमा माझ्या नोकरीतून; नोकरी गेली की तोही जाणार. जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी मी बिल्ला पाकिटात घालून बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो परत सरकवला.

"जेवणावळीतलं कळलंय मला," त्या म्हणाल्या. "पण एल्डन, पंधरा वर्षं तुम्हा सगळ्यांचे आवाज ऐकलेत मी. बोलावल्यावर कोण निघतो आणि कुणाची गाडी नेमकी तेव्हाच बंद पडते, ते मला पाठ आहे. बिल्ला लाव."

मी "होय, मॅडम" म्हणालो आणि बिल्ला लावला. त्या वर्षी बाईंनी मतासाठी एकालाही काढले नाही.

२. बाईंचा दीर ड्वेन कॉलवेल याला माझी कोणतीही वस्तू देऊ नये. त्याने प्रचार केला आणि मोबदल्यात मुख्य डेप्युटीची जागा मागितली. आधी इतरांसारखं प्रशिक्षण घे, असे बाईंनी सांगितले. तो रुसून पुढच्या निवडणुकीत बाईंविरुद्ध उभ्या राहिलेल्या रॉय टॅकेटला मिळाला. २००२ साली आम्ही बाईंसाठी दारोदार फिरायला तयार होतो. त्यांनी मनाई केली. वर्दीतल्या माणसाने कोणाचीच पाटी लावायची नाही, माझीसुद्धा नाही, म्हणाल्या. नव्वद मतांनी पडल्या. ड्वेन माझ्या दफनाला आला तर त्याला जेवू घालावे, भाषण करू देऊ नये.

टॅकेटने सात जणांना काढले, त्यात पहिला मी. पण डिसेंबरभर बाई स्वतःची गाडी घेऊन शेजारच्या तीन काउंट्यांत आमच्यासाठी शब्द टाकत हिंडल्या होत्या. सातांपैकी माझ्यासह सहा जणांना काम मिळाले. ओपलचा विमा एक दिवसही तुटला नाही. ती आणखी सहा वर्षे जगली.

३. वेल्डिंगचे सामान व ट्रक माझ्यासोबत काम शिकलेल्या कर्टिस नीस याला. तो आज मुख्य डेप्युटी आहे. शेरीफ कोणीही येवो, हाताखालच्यांना कोणाला मत दिलेस हे त्याने विचारू नये.

४. ओढ्याकाठची चार एकर जमीन कॉलवेलबाईंना द्यायची, असे मी ठरवले होते. गेल्या महिन्यात सांगायला गेलो. त्या एक्क्याऐंशीच्या आहेत. ओसरीवर शेंगा सोलत होत्या.

"तुला ठेवलं ते कामासाठी," त्या म्हणाल्या. "आता जमीन घेतली तर तेव्हाही सौदाच होता, असं होईल."

मी हट्ट धरला. त्यांनी शेंगांची पाटी बाजूला ठेवली.

"आणि ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीला सही करता येत नाही ना? मला तुझ्या कागदावर सही करायचीय, एल्डन."

सबब ती जमीनही मर्नालाच.

हे सर्व वाचून, समजून सही केली.

एल्डन प्रुइट
टर्नर्स गॅप, १४ ऑक्टोबर २०२४

आमच्या समक्ष सही केली:
१. हेझल कूम्ब्स, शेजारीण
२. व्हेस्टा कॉलवेल, माजी शेरीफ, बेल्विन काउंटी