उसवलेली सात अक्षरं

प्रिय रोवेना,

आज तू नावांची यादी घेऊन आलीस. "कार्टर, कॉलिन्स, कॅलहन, कॉनवे. सगळी आडनावांसारखी, तुला आवडतात तशी. आणि सगळी 'सी'ची. माझी दुलई वाया जायला नको."

आपल्या अलाबामात आईचं माहेरचं आडनाव पहिल्या मुलाला नाव म्हणून देतात. बाबांना आपण दोघी मुलीच. तू थोरली, म्हणून आपलं 'कॅलोवे' तुझ्या बाळाला मिळालं. ते दोनच दिवस जगलं. आता माझ्या पोटात मुलगा आहे, आणि मला त्याच्यासाठी तेच नाव हवंय, दुसरं कुठलंच नाही.

गावची शाळा वाचवताना मी भर सभेत महापौरांना घाम फोडला होता. आज तुझ्यासमोर एवढंच म्हणाले, "कॉलिन्स बरं आहे."

"बरं? माईक हातात असताना कधी 'बरं' म्हणालीस का गं, टेस?" तू हसलीस आणि पिकनची गोड पाई कापत राहिलीस.

ते नाव मागितलं, तर तुझं बाळ पुन्हा हिरावून घेतल्यासारखं होईल. नाही मागितलं, तर माझ्या लेकाला मी जन्मभर दुसऱ्याच नावाने हाक मारीन.

तू गेल्यावर तू दिलेली दुलई उलगडली. पूर्वी तिच्यावर तुझ्या बाळाचं पूर्ण नाव इंग्रजीत भरलेलं होतं. 'सी' तेवढा ठेवून बाकीची सात अक्षरं तू टाका टाका करून उसवलीस, माझ्यासाठी. सुईची भोकं मात्र राहिली आहेत. त्यांवरून बोट फिरवलं, की अजून पूर्ण नाव लागतं.

हे पत्र तुझ्या हातात द्यायचं धाडस होत नाही, म्हणून दुलईच्या घडीत ठेवते आहे.

तुझी वाचा बसलेली धाकटी,
टेस