बकऱ्यांचं पक्कं घर

सिंधुपालचोक, नेपाळ,
१२ भदौ, वि. सं. २०७४

सिर्जनाच्या बाबांना,

रंभाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. मका घरात आला, सिर्जनाचा खोकलाही गेला. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण फोनवर सासूबाई, तुमच्या आमा, कान लावून बसलेल्या असतात. म्हणून दोहाला निघालेल्या खड्गभाईंजवळ हे देतेय.

तुम्ही बांधायला लावलेलं नवं घर छान झालंय. दगड-मातीचंच, पण भिंतीत कमरेशी, खिडकीवर आणि छपराखाली लाकडी पट्टे बसवलेत. परवा घर तपासायला आलेल्या सरकारी इंजिनियरबाई आत डोकावल्या नि कपाळाला हात लावला. "वहिनी, भूकंपाला टिकणारं घर मी बकऱ्यांसाठी पास केलं होय?"

हो, तिथे बकऱ्या राहतात. तुम्हाला फोटो पाठवायचा म्हणून आमांना दारात बसवत होते, इतकंच. निजतो आम्ही तिघी जुन्याच घरात, मोठ्या भूकंपात भेगाळलेल्या भिंतीखाली. "मुलानं पूजा करून चूल पेटवल्याशिवाय मी तिथे राहायची नाही," हे आमांचं पालुपद. "बकऱ्यांना बरं चालतं बिनपूजेचं!" असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यांचा मुलगा कुठे परदेशात आहे?"

मंगळवारी पुन्हा जमीन हलली. आम्ही अंगणात मका सोलत होतो. आतली भिंत थेट अंथरुणावर आली. सिर्जनाची उशी मी दगडांखालून ओढून काढली. बकऱ्या निवांत रवंथ करत होत्या, तिकडे एक खडा हलला नाही. आणि आमा? उरलेल्या भिंतीला बांबूचा टेकू देऊन पुन्हा आतच. "दशैंच्या सणाला येतोय ना तो, तेवढं काढू." सिर्जना आजीला सोडून निजत नाही, आणि मी त्या दोघींना सोडून.

गेल्या दशैंलाही तुम्ही 'येतो' म्हणाला होतात. साहेब सुट्टी देत नाही, कळतं मला. रागावले नाही, पण फार दमलेय. तुमच्या त्या 'येतो'वरच आम्ही भिंतीखाली निजतो, हो.

शनिवारच्या फोनवर आमांना स्पष्ट सांगा, यंदा जमत नाही, चूल तूच पेटव. रडतील. रडू द्या. रडायला त्या असतील तरी.

बकऱ्या आज बाहेर काढल्यात. जमीन सारवून लाकडं रचून ठेवलीत.

येतो म्हणू नका. या.

तुमची,
रंभा